राजपुत्र नवा, कीबोर्ड तोच

नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासला गेलेल्या पिढीला तिथे शिकलेल्या डॉसच्या आज्ञा आज क्वचितच आठवत असतील. पण पांढऱ्या कपड्यांतला एक सडसडीत राजपुत्र तळघरात उतरतो, त्याच्या पाठीमागे लोखंडी जाळी धाडकन खाली येते आणि सर दुसऱ्या खोलीत गेल्याची खात्री करून कोणीतरी बाणाच्या कळेवर बोट ठेवतो, हा प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात पक्का आहे. खेळात साठ मिनिटांची मुदत होती. तासिका बहुधा त्याआधीच संपे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या त्या खेळाला नव्या रूपात आणण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रातून झाला. मालिकेतल्या २००३ च्या ‘द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपवला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा केली. खेळ जानेवारी २०२१ मध्ये यायचा होता. तो आधी मार्चपर्यंत आणि मग बेमुदत पुढे गेला. मे २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रियल स्टुडिओकडे वळवण्यात आले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्पच रद्द केला. या साडेपाच वर्षांत या न आलेल्या खेळावर मते मात्र उदंड व्यक्त झाली. त्यांतली बहुतेक चित्रांविषयीची होती: चेहरे जुनाट दिसतात, प्रकाश सपाट आहे, हा खेळ या काळातला वाटत नाही. हातात तो कसा लागतो, यावर बोलण्याची संधी सामान्य खेळाडूला मिळालीच नाही. खरे तर या मालिकेच्या आजवरच्या अवतारांचे भवितव्य चित्रांइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, नियंत्रणाने ठरवले आहे. कीबोर्ड पुढ्यात घेऊन खेळणाऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे.

मूळ खेळ जॉर्डन मेक्नर या अमेरिकी तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवला आणि तो १९८९ मध्ये अ‍ॅपल-२ या संगणकावर आला. धावणे, उडी मारणे, कठड्याला लोंबकळणे या हालचाली खऱ्या माणसासारख्या दिसाव्यात म्हणून मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला धावायला व उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यातली एकेक चौकट उतरवून घेतली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. परिणाम विलक्षण होता. त्या काळचे इतर खेळगडी कळ दाबताक्षणी खेळण्यातल्या बाहुल्यांसारखे उडत. हा राजपुत्र मात्र आधी पाऊल टाकी, अंग झोकून देई आणि थांबताना दोन पावले घसरे.

इथेच नियंत्रणाचा पहिला पेच आहे. हालचाल जितकी खरी, तितकी ती पूर्ण व्हायला वेळ लागतो, आणि ती पूर्ण होईपर्यंत खेळाडूची पुढची आज्ञा थांबून राहते. असा खेळ हाताला जड आणि आडमुठा वाटण्याचा धोका असतो. मेक्नरने त्यावर काढलेली तोड आजही अभ्यासण्यासारखी आहे. त्याने महालाची जमीन समान लांबीच्या फरशांत वाटली. पडद्याच्या रुंदीत दहा फरशा आणि उंचीत तीन मजले. राजपुत्राची उडी, धाव आणि घसरण या सगळ्यांची मापे त्या फरशांत बसवली. त्यामुळे काही वेळाने खेळाडूला डोळ्यांनी अंतर मोजावे लागत नसे. हातच ते मोजू लागे. एक मजला खाली पडलो तर इजा नाही, दोन मजले पडलो तर आयुष्याचा एक तुकडा गेला, तीन मजले म्हणजे खेळ खलास, हा हिशेबही तितकाच चोख होता.

डॉसवर आलेल्या आवृत्तीत नियंत्रणासाठी चार बाण आणि शिफ्ट एवढ्याच कळा पुरत. शिफ्ट दाबून बाण दाबला की राजपुत्र जपून एकच पाऊल टाकी आणि कड्याच्या अगदी टोकाशी येऊन उभा राही. तीच कळ लोंबकळताना कठडा धरून ठेवी, तीच औषधाची सुरई उचले आणि तीच तलवारीचा वार करी. एका कळेला चार कामे देणे हा एरवी गोंधळाचा मार्ग ठरला असता. पण ही चारही कामे कधी एका वेळी करावी लागत नाहीत, हे ओळखून ती रचना केलेली होती. म्हणूनच इंग्रजी धड न वाचता येणारी मुलेही तो खेळ कोणी न शिकवता खेळू लागली.

त्यानंतर खेळांच्या दुनियेत खोली आली. सपाट पडद्यावर डावे-उजवे धावणारा नायक आता चारही दिशांना फिरू लागला. १९९९ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ संगणकावर आला आणि बोजड नियंत्रण व तांत्रिक दोष यांच्यापायी लोकांच्या मनातून उतरला. राजपुत्र तोच, तलवार तीच. परंतु फरशांचा हिशेब हरवला होता आणि उडी कुठे पडेल याचा भरवसा बोटांना उरला नव्हता.

युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने २००३ मध्ये मेक्नरला बरोबर घेऊन मालिका नव्याने उभी केली, ती ‘द सँड्स ऑफ टाइम’ या नावाने. मराठी वाचकाला यातली एक गोष्ट विशेष रोचक वाटेल. कथेचा आरंभ भारतात होतो. फितूर वजिराच्या मदतीने पर्शियाचे सैन्य एका महाराजाचा किल्ला लुटते, राजपुत्राच्या हाती काळ उलटा फिरवणारा खंजीर लागतो आणि पुढे ज्या राजकन्येच्या साथीने तो सारे निस्तरू पाहतो, ती फराह त्याच महाराजाची मुलगी असते. नायक लुटारूंच्या बाजूचा आहे, ही बाब खेळ लपवत नाही. राजपुत्राचा उर्मटपणा हळूहळू गळून पडणे हाच कथेचा गाभा आहे.

नियंत्रणाच्या दृष्टीने खंजीर हा या खेळाचा मोठा शोध. जुन्या खेळात चुकीच्या उडीची शिक्षा म्हणजे सारा टप्पा पहिल्यापासून. इथे पडता पडता एक कळ दाबून धरली की काळ मागे सरके आणि राजपुत्र पुन्हा कड्यावर उभा राही. खंजिरातली वाळू मर्यादित, त्यामुळे चूक फुकट नव्हती. पण ती सुधारता येत होती. भिंतीवरून धावणे, खांबावरून खांबावर झेपावणे, शत्रूच्या खांद्यावरून उलटी उडी मारणे ही सारी कामे एकेका कळेवर आली. गणित पुन्हा जमले. लढाया पुढे एकसुरी होतात, ही त्याच्यावरची टीका रास्त आहे. तरी उड्यांच्या बाबतीत या खेळाने घालून दिलेली वाट पुढच्या कित्येक खेळांनी चोखाळली. या मालिकेचाच एक पुढचा भाग म्हणून सुरू झालेले काम वेगळे होऊन २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ या नावाने आले, एवढे सांगितले तरी पुरे.

मात्र हा खेळ घडवताना मुख्य विचार प्लेस्टेशनच्या गेमपॅडचा झाला होता. संगणकावर तो आला तेव्हा दोन अडचणी आल्या, आणि त्या आजही अशा प्रत्येक खेळात येतात.

पहिली दिशेची. गेमपॅडवरची दांडी अंगठ्याने कोणत्याही कोनात कलवता येते आणि कमी कलवली की नायक सावकाश चालतो. कीबोर्डची कळ एक तर दाबलेली असते किंवा नसते. डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांमधून फार तर आठ दिशा निघतात, आणि हळू चालण्यासाठी निराळी कळ राखावी लागते. अरुंद तुळईवरून तिरके चालायचे असेल तर गेमपॅडवाला अंगठा किंचित वळवतो. कीबोर्डवाल्याला माऊसने कॅमेरा फिरवून तुळई डोळ्यांसमोर सरळ आणावी लागते आणि मग पुढची कळ दाबावी लागते. सराव झाला की हे जमते, पण ते जमवून घेणे असते.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. भव्य महाल दाखवण्यासाठी खेळ काही ठिकाणी दृश्याचा कोन स्वतःच बदलतो. ‘पुढे’ या शब्दाचा अर्थ तिथे नायकाच्या नाकासमोर असा नसून पडद्याच्या आत असा असतो. कोन बदलला की अर्थही बदलतो, आणि कळ तशीच दाबून ठेवलेला खेळाडू सरळ दरीत जातो. या बाबतीत त्या खेळावर रागावलेल्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दुसऱ्या बाजूला, माऊसने नजर फिरवण्यात जी चपळाई आहे ती दांडीत नाही, हे सांगणारेही बरोबर होते. माऊसच्या या गुणाची पुरती हेळसांड झाली की काय होते, हे जगाने ‘रेसिडेंट ईव्हिल ४’च्या २००७ मधल्या संगणक-आवृत्तीत पाहिले. नेम धरण्यावर उभा असलेला तो खेळ माऊसविनाच संगणकावर आला आणि माऊसची सोय चाहत्यांना स्वतः करून घ्यावी लागली. याउलट २०१३ मध्ये ‘टूम रेडर’ नव्याने आला तेव्हा त्याच्या संगणक-आवृत्तीवर स्वतंत्र मेहनत घेतली गेली, आणि कीबोर्ड-माऊसवर खेळणाऱ्यांनी तिचे चांगले स्वागत केले. म्हणजे दोष साधनाचा कमी आणि हेळसांडीचा अधिक.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की गेमपॅड विकत घ्या. सल्ला व्यवहार्य आहे, पण सर्वांना लागू नाही. गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या काळात सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी जे संगणक गेले, त्यांच्याबरोबर कीबोर्ड आणि माऊस होते. घरातल्या खेळाची ओळखही पुष्कळांना त्यांच्यावरच झाली. आजही काणकोणचा विद्यार्थी घ्या, की धारच्या मुलखातल्या मनावरचा. मान नदीकाठच्या त्या तालुक्याच्या गावी मराठी घरातला मुलगा कॉलेजसाठी घेतलेल्या लॅपटॉपवरच खेळ सुरू करील, आणि त्याच्यापुढे जे आहे ते खेळासाठी बनवलेले नसेल. अशा यंत्राच्या मर्यादा काय आहेत, हे समजून घेतले तर नियंत्रणाविषयीच्या तक्रारींचे निम्मे मूळ सापडते.

साध्या कीबोर्डच्या आत प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या तारांची एक जाळी असते. ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की चौथी कळही दाबल्यासारखा भास त्या जाळीत होऊ शकतो. तो टाळण्यासाठी स्वस्त कीबोर्ड तिसरी कळ सरळ नाकारतो. तिरके धावताना दोन कळा आधीच गुंतलेल्या असतात; तिसरी उडीची. ती नेमकी नाकारली गेली तर खेळाडू खेळाला दोष देतो आणि खेळ निर्दोष असतो. शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या कळा सहसा या अडचणीतून मोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणून बाण आणि शिफ्ट ही जुन्या राजपुत्राची जोडी फारशी अडखळत नसे. विंडोजवर मात्र शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबली की ‘स्टिकी कीज’ची चौकट उघडते आणि ऐन लढाईत खेळ मागे जातो. ही सोय दोन कळा एकदम दाबू न शकणाऱ्यांसाठी मोलाची आहे. ज्यांना तिची गरज नाही त्यांनी खेळापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन तिचा शॉर्टकट बंद करावा.

लॅपटॉपच्या टचपॅडची गोष्ट आणखी वेगळी. टंकलेखन करताना तळहात चुकून लागू नये म्हणून अनेक टचपॅड कळा दाबलेल्या असेपर्यंत स्पर्शाकडे दुर्लक्ष करतात. चालण्याची कळ दाबून ठेवली की नजर फिरायची बंद, हा अनुभव त्यातूनच येतो. तीही सोय सेटिंगमधून बंद करता येते. पण तारेचा एक साधा माऊस जोडणे हा अधिक बरा उपाय. राहिला प्रश्न उशिराचा. पडदा सेकंदाला साठ वेळा बदलत असेल तर एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात, तीस वेळा बदलत असेल तर सुमारे ३३. वार अडवण्याची संधी मोजक्या चित्रांपुरतीच असते, तेव्हा जुन्या यंत्रावर चित्रांचा थाट कमी करून वेग वाढवणे म्हणजे नियंत्रणच सुधारणे होय. चित्र देखणे ठेवून हात बांधून घेण्यात शहाणपण नाही.

मालिकेने २००८ मध्ये आणखी एकदा नवा जन्म घेतला आणि या वेळी मतभेद अगदी निराळ्या कारणाने झाले. नव्या खेळात राजपुत्र मरतच नसे. तो पडला की एलिका ही त्याची सोबतीण हात देऊन त्याला वर घेई. कळा थोड्या, प्रत्येकीला नेमके काम, उड्यांची लांबच लांब साखळी एका तालात दाबत जायची. कीबोर्डवर हा खेळ विनातक्रार चाले. तरीही मृत्यू नाही तर थरार कसला, असे म्हणत जुन्या चाहत्यांचा मोठा वर्ग नाराज झाला. बारकाईने पाहिले तर एलिकाचा हात आणि शेवटच्या सुरक्षित जागेवरून पुन्हा सुरुवात करणे यांत फरक केवळ दाखवण्याचा आहे. पण खेळाडूच्या मनात तो फरक मोठा ठरला. नियंत्रण फार सोपे झाले की यशातला आपला वाटा कमी झाल्यासारखे वाटते, ही भावना तर्काने दूर होत नाही.

या पार्श्वभूमीवर पुणे-मुंबईच्या कामाकडे पाहिले पाहिजे. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून, तर मुंबईतला २०१८ पासून. एवढ्या नामांकित खेळाची धुरा कंपनीने भारतीय स्टुडिओंकडे देण्याची ती पहिलीच वेळ होती. लढाई, कॅमेरा आणि नियंत्रण आजच्या सवयींना जुळवून घेण्याचे आश्वासन घोषणेतच दिलेले होते. ते ऐकायला सोपे आणि करायला अवघड. २००३ च्या महालातली प्रत्येक दरी राजपुत्राच्या त्या वेळच्या उडीच्या मापाने कापलेली आहे. भिंतीवरची प्रत्येक धाव त्या वेळच्या वेगाने मोजलेली आहे. उडी थोडी चपळ केली तर दर दरी पुन्हा मोजावी लागते. कॅमेरा खेळाडूच्या हाती दिला तर एकाच कोनातून पाहण्यासाठी रचलेले दालन दहा कोनांतून उघडे पडते. काहीच बदलले नाही, तर नवा खेळाडू म्हणतो की हे जुनेच आहे. सगळे बदलले, तर जुना म्हणतो की हा आमचा राजपुत्र नव्हे. नवी वास्तू उभारण्यापेक्षा जुन्या वाड्याची डागडुजी कठीण असते, तसाच हा प्रकार.

हे काम पुण्या-मुंबईच्या कारागिरांनी कुठवर नेले होते, हे बाहेरच्या कोणाला पारखता आले नाही. दोन-अडीच मिनिटांच्या झलकेवरून चेहऱ्यांची टवाळी झाली आणि त्या टवाळीतच भारतीय स्टुडिओंच्या कुवतीचाही निवाडा करून टाकण्यात आला. तो अन्यायाचा होता. पुढे हाच प्रकल्प हाताशी अनुभवी माणसे असलेल्या माँट्रियललाही तडीस नेता आला नाही, ही वस्तुस्थिती त्या निवाड्यापेक्षा बरेच काही सांगते.

दरम्यान, जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्याच फ्रान्समधील माँपेलिए स्टुडिओने ‘द लॉस्ट क्राउन’ आणला. त्याचा नायक राजपुत्र नसून सारगॉन नावाचा योद्धा आहे, यावरून आधी बरीच नाके मुरडली गेली. पण खेळ हाती आला आणि सूर पालटला. दृश्य पुन्हा बाजूने दिसणारे, म्हणजे मूळ खेळासारखे; त्यामुळे कॅमेऱ्याची कटकट नाही आणि हालचालीपुरत्या डाव्या-उजव्या कळा पुरेशा. कीबोर्ड या रचनेत फारसा कमी पडत नाही. कळा आपल्या सोयीने बदलून घेता येतात, वार अडवण्याची मुदत सैल करता येते, एखादी उडी साधतच नसेल तर ती टाळण्याची सोय निवडता येते. पर्शियाच्या या राजवाड्यात प्रथमच फारसी संवादही ऐकू आले. समीक्षकांनी वाखाणूनही विक्री कंपनीच्या अपेक्षेएवढी झाली नाही आणि २०२४ मध्येच तो चमू विखुरला, हा बाजाराचा न्याय. अशा खेळांना हात घालू इच्छिणाऱ्या नवख्याने मात्र सुरुवात याच खेळापासून करावी. कळांची मांडणी बदलण्याचा पडदा आधी उघडावा आणि उडी व वार या दोन कळा आपल्या बोटांच्या खाली आणून घ्याव्यात.

२००३ चा मूळ ‘सँड्स ऑफ टाइम’ आजही संगणकासाठी विकत मिळतो. नव्या ग्राफिक्स कार्डांवर त्यातले धुके बंद ठेवावे लागते आणि आताच्या गेमपॅडशी त्याचे जमत नाही. कीबोर्ड आणि माऊस मात्र त्याला चालतात. १९८९ च्या खेळाची कहाणी याहून मौजेची. त्याचा मूळ मजकूर असलेल्या फ्लॉपी हरवल्या असे मेक्नर समजत होते. त्या २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात सापडल्या. त्यांतला मजकूर वाचवून त्यांनी तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. डॉसवरचा खेळही चाहत्यांनी आजच्या यंत्रांवर चालेल असा करून ठेवला आहे. उजव्या हाताची तीन बोटे बाणांवर आणि डाव्या हाताची करंगळी शिफ्टवर, इतकीच त्याची मागणी अजूनही आहे.